सेतुराव आणि कवचाचा कारखाना

सेतुरावांकडे स्कूटरवरून गेलं की 'ये, बैस' म्हणायच्या आधी ते जिना उतरून खाली यायचे आणि इंजिनाजवळ तळहात धरायचे. आपण सांगितलेलं असतं की गिंडीहून थेट आले, वाटेत कुठेही थांबले नाही, रहदारीच एवढी होती की उशीर झाला. ते हात काढून घेत म्हणायचे, "पुरतं तापलेलं नाही. कॉफीला कुठं थांबलीस?"

मी एकदा चिडून विचारलं, "मामा, मी आरोपी आहे का?"

"आरोपी कां? दावेदार," ते म्हणाले. "आरोपी कधीकधी खरं बोलतो."

नोकरीची उभी हयात त्यांनी दाव्यांमध्ये काढली होती. ते विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर. चेन्नईत अंबत्तूर किंवा गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत कुठे आग लागली, छत कोसळलं, माल भिजला, की सेतुराव बॅटरी आणि जुने बूट घेऊन हजर. मालक खोटं बोलतोय असं कंपनीला वाटायचं, कंपनी टांग मारणार असं मालकाला वाटायचं, आणि सेतुरावांचं दोघांबद्दलही तेच मत असायचं. निवृत्तीनंतर दावे थांबले, सवय थांबली नाही. हॉटेलात 'आत्ताच काढलेला' म्हणून वडा आला की ते तो मोडून वाफ बघत. लग्नात मुलाकडचे म्हणाले की आमचा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही, तर हे मुलाच्या मित्रांमध्ये जाऊन बसत. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की दुसऱ्या हाताचाही बघा म्हणत. कमलामामी, त्यांच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली. अजून मी मीठ घातलं मेणून सांगिटलं की चमचा घेऊन बघतात."

हे घराणं मूळचं तंजावरचं. घरात बोलायची ती मराठी मी आमच्या साताऱ्याकडच्या नातेवाइकांत कधी ऐकली नव्हती. जुनी, तमिळ हेलाची, 'म्हणून'चं 'मेणून' करणारी, मधेच 'सरी' आणि 'सुम्मा' येणारी. सरी म्हणजे बरं, ठीक. सुम्मा म्हणजे उगीच, असंच, मनापासून नव्हे. सेतुरावांच्या तोंडी हा शब्द सतत असायचा. "सुम्मा सांगू नकोस." माझे वडील चेन्नईजवळच्या आवडी गावात, संरक्षण कारखान्यात नोकरीला, मी तिथल्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, माझी मराठी पुस्तकी वाटते असं ते तोंडावर सांगत.

त्यांची माझी ओळख एका पत्रकावरून झाली. आमचा गट छोट्या कारखान्यांतल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी काम करतो. अंबत्तूरला एका प्लास्टिकच्या शेडला आग लागली, दोन बायका भाजल्या, आणि मी रागाने पत्रक लिहिलं. कोणीतरी म्हणालं, कोरट्टूरला एक मराठी म्हातारा आहे, आगीतलं त्याला कळतं, छापायच्या आधी दाखव. मी दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, 'नफेखोर मालकाने जाणूनबुजून कामगारांना आगीत लोटले.'

"लोटताना पाह्यलंस?"

"पाहिलं नाही. पण उघड आहे."

"काय उघड आहे? दार उघडं होतं?"

"नाही. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं."

"कोण सांगिटलं?"

"भाजलेल्या बायकांनी. आणि शेजारच्या शेडमधल्यांनी. कुलूप तोडणारा माणूस मला भेटलाय."

त्यांनी पत्रक खाली ठेवलं. "मग एवढं मोठं कुलूप सोडून तू मालकाच्या मनात कां शिरलीस?"

मला त्या वेळी ते मालकाचे माणूस वाटले. स्पष्ट लिहिते, बराच काळ वाटत होते. विमा कंपन्यांच्या पैशावर जगलेला माणूस कामगारांच्या बाजूने बोलेल यावर मी सहजासहजी विश्वास ठेवणार नव्हते. पण पत्रक बदललं. कुलपावरून सुरू केलं, कुलपावरच संपवलं. मालकाच्या वकिलाला त्यात खोडायला काही सापडलं नाही. मी पेढे घेऊन सांगायला गेले, तर सेतुरावांनी पेढ्याचा वास घेतला आणि विचारलं, "कालचे?"

या माणसाला वेड होतं ते अवकाशातल्या युद्धाच्या सिनेमांचं. परग्रहावरून फौजा येतात, यानं फुटतात, एक शूर माणूस पृथ्वी वाचवतो, असला कुठलाही सिनेमा, कुठल्याही भाषेतला, ते पहिल्या आठवड्यात बघत. दुपारच्या खेळाला, कडेच्या खुर्चीवर. कौटुंबिक सिनेमा त्यांना नको असे. "घरातलं खोटं सगळ्यांना जमतं," म्हणत. "आकाशभर खोटं बांधायला इंजिनियर लागतो. तो कुठं चुकला ते बघायला मजा."

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले आणि पस्तावले. पडद्यावर शत्रूचं यान जळत होतं, भगभगीत केशरी ज्वाळा.

"हवा कुठं आहे?" सेतुराव कुजबुजले. त्यांची कुजबुज चार रांगा ऐकत.

"मामा, सिनेमा आहे."

"आग आहे. आगीला हवा लागते. सिनेमातली मेणून सोडायची कां?"

थोड्या वेळाने: "हे तारे ओलांडून आले. नेम धरता येत नाही एकालाही?" मग: "एवढ्या फौजेला स्वयंपाक कोण करतं?" मग सेनापती स्वतः सगळ्यांत पुढच्या यानात बसला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळून तमिळमध्ये म्हणाला, "अय्या, जरा सिनेमा बघू द्या." सेतुराव त्याला शांतपणे म्हणाले, "बघ की रे बाबा. म्हणूनच विचारतो, त्या दाराला पहारा कां नाही?" मुलाने पडद्याकडे बघितलं. शत्रूच्या किल्ल्याचं मुख्य दार, आणि पहाऱ्याला खरंच कोणी नाही. मध्यंतरानंतर तो मुलगा आणि त्याचे मित्र आपणहून प्रश्न काढायला लागले. मागच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, गप्प बसा, तर तो मुलगाच म्हणाला, आधी पहारेकरी दाखवा, मग गप्प बसतो.

हे असंच चाललं असतं, तर मी हे लिहायला बसले नसते. पण त्यांची मुलगी जयंती सिनेमा लिहायला लागली.

जयंती शोळिंगनल्लूरला खोली घेऊन राहायची. आधी सॉफ्टवेअर कंपनीत होती, ते सोडून पटकथेत शिरली. दर रविवारी घरी यायची, जेवायची, मामींशी बोलायची. बापाला कामाबद्दल चकार शब्द सांगायची नाही. कारण जुनं होतं. मामींनीच सांगितलं. लहानपणी ती गोष्टी लिहून अप्पांना दाखवायची. समुद्रातल्या राजकन्येची गोष्ट दाखवली, तर अप्पांनी विचारलं, ती श्वास कसा घेते. चोर पकडल्याची गोष्ट दाखवली, तर विचारलं, चोराला घर रिकामं आहे हे कोणी सांगितलं. एके दिवशी ती म्हणाली, आता लिहीत नाही. लिहीत होती. दाखवत नव्हती.

आणि आता तिच्या नावाची पाटी पडद्यावर येणार होती. मोठा तमिळ सिनेमा, अवकाशयुद्धाचा. तीन लेखकांतली ती एक. सिनेमाचं नाव मी इथे देत नाही; त्यांनी शहरभर एवढे फलक लावले होते की माझी जाहिरात त्यांना नको. घरच्यांसाठी एक खेळ ठेवला होता. जयंतीने अप्पांना बोलावलं. मामींनी मला बोलावलं.

"तू दोघांच्या मध्ये बैस," मामी फोनवर म्हणाल्या. "मी त्यांच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलंय. एक अक्षर बोलणार नाहीत. पण तू मध्ये बैस."

कथा अशी होती. आकाशातून शत्रू येतो, त्याला आपलं पाणी हवं असतं. आपले शास्त्रज्ञ चेन्नईवर एक अदृश्य कवच उभारतात. ते कवच ज्याच्यावर चालतं ते यंत्र किनाऱ्यालगतच्या एका कारखान्यात आहे. शत्रू तो कारखाना उडवतो. शेकडो कामगार आत. पुढच्या दृश्यात नायक घोड्यावर बसावं तसा एका यानावर बसतो, भाषण करतो, आणि कवच पुन्हा सुरू झालेलं असतं. शेवटी शत्रूचं मुख्य यान फुटतं आणि उरलेले सगळे शत्रू जागच्या जागी कोसळतात, जणू कोणी बटण बंद केलं.

मला संताप आला. आकाशातून शत्रू आला की आपल्या कारखान्याच्या दाराला कुलूप कोणी लावलं हे कोणी विचारत नाही. असले सिनेमे कोणाच्या सोयीचे असतात ते मला पत्रकात लिहायचं होतं. पण मी सेतुरावांकडे बघितलं आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. ते गप्प बसले होते. पाण्यासाठी आलेले शत्रू वाटेतले बर्फाचे गोळे सोडून इथे का आले, हेसुद्धा विचारलं नाही. हात मांडीवर, नजर समोर. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला ते अजिबात खरं वाटेना.

बाहेर आल्यावर लोक जयंतीशी हात मिळवत होते. ती सगळ्यांना सोडून अप्पांसमोर आली.

"कसं वाटलं, अप्पा?"

सेतुरावांनी मामींकडे पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं आहे."

जयंतीचा चेहरा उतरला. "काय चांगलं आहे?"

"सगळं."

"सगळं मेणजे काय? कुठला भाग?"

"युद्ध. युद्ध चांगलं आहे."

"पहिलं की दुसरं?"

"दोन्ही."

"दुसऱ्या युद्धात सेनापतीची बहीण काय करते?"

सेतुरावांनी पुन्हा मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "जाऊ दे गे, चांगलं सांगिटलं ना."

"अम्मा, तू थांब." जयंतीचा आवाज बापासारखा झाला होता, तसाच सपाट. "मला आठवतं तेव्हापासून यांनी कशालाही चांगलं म्हटलं नाही. देवाच्या प्रसादाला नाही. आज पहिल्यांदा म्हणतायत, आणि ते माझ्या सिनेमाला. तुम्ही कुठल्या दाव्यावर न बघता सही केलीत कधी, अप्पा?"

"नाही."

"माझ्यावर केलीत. शंका घ्यायच्या लायकीचंसुद्धा वाटलं नाही तुम्हाला."

ती गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मामींच्या फोनला दोन शब्दांत उत्तर द्यायची. हैदराबादला मोठं काम मिळतंय, तिकडेच जायचं म्हणतेय, असं कळलं. मामी मला म्हणाल्या, "देवासमोर मीच गप्प केलं त्यांना. आता बोला म्हणते, तर बोलत नाहीत."

बोलत नव्हते, पण गप्प बसलेही नव्हते. ते एकटे जाऊन तो सिनेमा पुन्हा बघत होते. एकदा मी त्यांच्या घरी पोचले तर स्वतःशीच हातवारे करत होते. दुसऱ्या वेळी मलाच घेऊन गेले. यावेळी ते पडद्याकडे जळका गाळा बघावा तसं बघत होते. मान पुढे, ओठ मिटलेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "शोळिंगनल्लूर. चल."

"आत्ता? तिला कळवू तरी."

"कळवून गेलं की माल हलवतात."

जयंती तिच्या कचेरीखालच्या कॅन्टीनमध्ये आली. बसली नाही. "काय झालं? अम्मा बरी आहे ना?"

"बरी आहे. बैस. आक्षेप आहेत."

ती मला म्हणाली, "यांना तू आणलंस?" मी म्हटलं, मला आणलंय. ती खुर्ची ओढून बसली, पण टोकावर.

सेतुराव सुरू झाले. पाण्याचा मुद्दा. ती म्हणाली, तो निर्मात्याचा, मी भांडले होते. एका बटणाने बंद होणारे शत्रू. ती म्हणाली, तो मुख्य लेखकाचा, मला मान्य नाही. आकाशातली आग. "अप्पा, आग दाखवली नाही तर लोकांना स्फोट झाला हेच कळत नाही." "लोकांना काय कळतं ते तू कोणाला विचारलंस?" "तुम्ही कोणाला विचारलंत?" असं बराच वेळ. आवाज चढले. शेजारच्या टेबलावरची मुलं लॅपटॉप मिटून ऐकायला लागली. जयंती आता खुर्चीत मागे रेलून बसली होती, आणि एकाही मुद्द्याला सोडत नव्हती.

मग सेतुराव म्हणाले, "आता कारखाना."

"कारखान्याचं काय?"

त्यांनी कॉफीचा टंबलर बाजूला सरकवला. "गोडाऊनला आग लागली की सगळीकडे काजळी बसते. भिंतीवर, जमिनीवर. मालक म्हणतो, कपाट जळलं. आपण बघायचं. कपाट जळलं असेल तर तिथं त्याची राख असते. कपाट आगीच्या वेळी तिथं होतं आणि नंतर कोणी काढून नेलं, तर भिंतीवर कपाटाएवढी जागा स्वच्छ राहते. चौकोनी. कळलं?"

"हं."

"तुझ्या सिनेमात कारखाना उडतो. माणसं आत. नंतर कोणी रडत नाही, कोणी विचारत नाही, एकदम भाषण. वाईट लिहिणारा असता तर तिथं काहीतरी भरलं असतं. एखादं गाणं, एखादा झेंडा. तिथं काहीच नाही. जागा स्वच्छ आहे. तिथं तू काहीतरी ठेवलं होतंस. कोणी काढलं?"

जयंती टेबलावर सांडलेल्या कॉफीवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "एक बाई होती. तिची मुलगी त्या कारखान्यात. ती फाटकाशी येते आणि विचारते, माझी मुलगी कुठे आहे. रखवालदार म्हणतो, युद्ध चाललंय. ती म्हणते, ते मला माहीत आहे, मुलगी कुठे आहे. एवढंच. चित्रित पण झालं होतं. मग निर्माते म्हणाले, इथे लोक खुर्चीतून उठून बाहेर जातील."

माझ्या तोंडात शिवी आली होती. सेतुरावांनी माझ्याकडे न बघताच हाताने थांबवलं.

"त्या बाईचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"नाव नव्हतं दिलं."

"कां?"

"एकच दृश्य होतं, अप्पा."

"नाव नसलेलं काढून टाकायला सोपं जातं. मेणजे थोडी चूक तुझी पण आहे."

मला वाटलं, संपलं. आता ही उठून जाणार. जयंती हसली. डोळे पुसत हसली. "आता बरं वाटलं," ती म्हणाली. "तेव्हा चांगलं आहे म्हणालात, तर रात्रभर झोप नव्हती."

परतताना बसमध्ये मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्हाला खरंच ती मोकळी जागा दिसली होती? की नुसतं टाकून बघितलंत?" कारण हेच गृहस्थ मला एकदा म्हणाले होते की सर्व्हेअर अर्धं काम ठाम बोलून करतो, आपल्याला माहीत आहे असं दाखवलं की समोरचा उरलेलं स्वतः सांगतो.

"तुला काय वाटतं?"

"मला शंका आहे."

"चांगली सवय," म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले. ती शंका मी अजून सोडलेली नाही. त्या सिनेमाबद्दलचं माझं मतही बदललेलं नाही. बाई काढणाऱ्यांनी सिनेमा खपवला, आणि आमच्या शेडमधल्या भाजलेल्या बायका तो बघून टाळ्या वाजवून आल्या. याचं काय करायचं ते सेतुरावांनाही विचारलं. ते म्हणाले, "टाळ्या कशाला वाजवल्या ते त्यांना विचार. मला कां विचारतेस?"

पुढे गटाने मला कोइम्बतूरला पाठवलं. जायच्या आधी शोळिंगनल्लूरला पत्रकं वाटत होते. सिग्नलला गाड्या थांबल्या की त्यांच्यामधून फिरायचं. समोर एका स्कूटरवर जयंती, मागे सेतुराव, डोक्यावर हेल्मेट, पट्टा लोंबत. त्यांनी मला बघितलं नाही. ते पुढे वाकून तिच्या खांद्याशी तोंड नेऊन बोलत होते, आणि हेल्मेटमधून ऐकू जावं म्हणून ओरडत होते, त्यामुळे सगळा सिग्नल ऐकत होता.

"पण त्या फाटकाशी आलेल्या बाईला आतली किल्ली कोण दिली?"

जयंतीने हेल्मेटची काच वर केली. "अप्पा, ते अजून मलाच माहीत नाही. तिथपर्यंत लिहिलंच नाही मी."

सेतुराव बोलायला गेले आणि थांबले. त्यांनी हात उचलला, तो तिच्या खांद्यावर ठेवला. "सरी," म्हणाले, "आधी लिही."

सिग्नल सुटला.